वाचन आणि अर्थ : ग्रामशाळांतील शिक्षकांकरितां

गेल्या पावसाळ्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत जाण्याचा प्रसंग आला. दुसऱ्या इयत्तेंतील एका मुलीनें 'ओढ्याला पूर आला' हें वाक्य बोट ठेवून, एकही चूक न करितां वाचलें. "बाळ, ओढा म्हणजे काय?" असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ती खालीं पाहूं लागली. शाळेमागें पऱ्या दुथडी भरून वाहत होता; तो ओलांडूनच ती आली होती! "अगे, तुमचा पऱ्या तोच पुस्तकांतला ओढा," असें सांगतांच तिनें तें वाक्य पुनः वाचलें. या खेपेस तिचा स्वर निराळा होता.

या मुलीस पूर्वी वाचतां येत होतें काय? उच्चार करितां येत होते, इतकेंच. लिहिलेलें पाहून मुखीं असलेला शब्द ओळखणें हें वाचन. शब्दच मुखीं नसेल तर मुलानें काय ओळखावें?

ग, म, भ, न हीं अक्षरें प्रथम शिकवितात तें योग्यच आहे. चोहोंच्या उजव्या अंगास एकच उभी काठी, म्हणून हातास वळण लौकर बसतें. परंतु त्यांतून 'गमन', 'गगन' असे शब्द जुळवून घोकून घेणें म्हणजे कोंडा कांडणें होय. घरीं मुलें आभाळ म्हणतात, गगन नव्हे. त्याच अक्षरांचें 'नमन' मात्र होतें. शिक्षक 'नमस्कार' असा अर्थ सांगून पुढें जातो. पण येथील कुणब्याच्या मुलास नमन म्हणजे शिमग्याच्या सुमाराचा खेळ, मृदंग आणि संकासुर! त्या खेळाचें आपल्या मंडळ्यांस वावडें असेल, शब्दाचें नसावें.

कांहीं शब्द ओळखीचे भासून फसवितात. घाटावर खळें म्हणजे धान्य मळण्याची जागा. आमच्याकडे घरापुढलें अंगण. शिक्षक घाटावरून आलेला असेल, तर तो व मुलें आपापलें खळें मनांत धरून धडा संपवितात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येत ना, म्हणून त्यांनीं शाळा पाड्यावरील अंगणांत नेली; गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा काढिली. महाग साधनांच्या जागीं बिया, पानें, शिंपले घेतले. शाळा जर अंगणांत जाते, तर अंगणांतली बोली वर्गांत कां न यावी?

"पऱ्या नव्हे, ओढा म्हण," असें दरडावल्यानें मूल ओढा शिकत नाहीं. तें बोलावयाचेंच सोडतें. तथापि पुस्तकी शब्द टाळूं नये. पुढें वर्तमानपत्र, तलाठ्याचा कागद, परीक्षा, सर्व त्याच भाषेंत येणार.

तेव्हां उद्यां असें करून पाहावें. सकाळीं वाटेंत काय दिसलें तें एका मुलास सांगूं द्यावें. त्याचें वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावें व सर्वांनीं वाचावें. मग त्याखालीं तेंच वाक्य पुस्तकी भाषेंत लिहून, कोणता शब्द बदलला तें मुलांनाच शोधूं द्यावें. वरचें वाक्य मात्र पुसूं नये.