मुली आणि व्हिडिओ गेमची निर्मिती
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी एक पाठ व त्याचे प्रयोजन)

शाळेत संगणक एक आणि वर्गात मुले तीस, अशी स्थिती असली म्हणजे काय घडते हे खेड्यातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. माऊस मुलग्यांच्या हाती जातो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. त्यांस कोणी मज्जाव केलेला नसतो. परंतु 'पुढे या' असेही कोणी म्हटलेले नसते. पुढे हस्तलिखिताची वा प्रकल्पवहीची वेळ आली म्हणजे त्याच मुलींना मुखपृष्ठ रंगविण्यासाठी बोलाविले जाते. सहा-सात वर्षे हा क्रम चालला की, यंत्र मुलग्यांचे आणि सजावट मुलींची, ही समजूत कोणी न शिकविताच पक्की होते. ती एकदा पक्की झाली म्हणजे माध्यमिक शाळेतील सल्ला किंवा शिष्यवृत्ती यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून हा प्रश्न प्राथमिक शिक्षकाचा आहे.

व्हिडिओ गेमची निर्मिती हा व्यवसाय येथे उदाहरणादाखल घेतला आहे, त्यास कारण आहे. मुलांना खेळ ठाऊक असतो. परंतु खेळ कोणीतरी तयार करतो, हे त्यांच्या ध्यानी आलेले नसते. एका खेळामागे नियम रचणारा, ते नियम संगणकास कळतील अशा भाषेत लिहिणारा, चित्रे काढणारा, कथा रचणारा, ध्वनी देणारा आणि चुका शोधणारा अशी अनेक माणसे असतात. गणित, भाषा, चित्रकला आणि संगीत हे चारही विषय ज्यात एकत्र येतात असे व्यवसाय थोडे आहेत. जिच्या वहीत उदाहरणे नीट सुटतात ती मुलगी आणि जिच्या वहीच्या कडेला चित्रे असतात ती मुलगी, या दोघींनाही येथे जागा आहे.

पूर्वसूरींची उदाहरणे

अमेरिकेतील कॅरोल शॉ यांचा जन्म 1955 सालचा. लहानपणी त्यांना बाहुल्यांपेक्षा भावाच्या खेळण्यातील आगगाडीचे रूळ मांडण्यात अधिक गोडी होती आणि गणिताच्या स्पर्धांत त्या बक्षिसे मिळवीत. माध्यमिक शाळेत त्यांना संगणक प्रथम हाताळावयास मिळाला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत शिक्षण पूर्ण करून 1978 साली त्या अटारी या कंपनीत खेळ लिहिण्याच्या कामावर रुजू झाल्या. त्या काळी या कामावर स्त्रिया अगदी विरळा असत. एका वरिष्ठाने त्यांच्याविषयी बोलताना, आता रंगसंगतीचे व सजावटीचे खेळ निघतील, अशा अर्थाचे उद्गार काढले. शॉ यांनी तसले खेळ काढले नाहीत. 1982 साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने प्रसिद्ध केलेला त्यांचा 'रिव्हर रेड' हा खेळ फार गाजला.

या खेळात एक विमान नदीच्या पात्रावरून पुढे जाते. काठ चुकवावे लागतात आणि इंधन संपण्यापूर्वी वाटेतील साठ्यांवरून जाऊन ते भरून घ्यावे लागते. अडचण अशी होती की, ज्या यंत्रासाठी हा खेळ लिहावयाचा होता त्याची कामचलाऊ स्मृती अवघी 128 बाइट होती, म्हणजे इंग्रजीतील 128 अक्षरे मावतील एवढी. आणि संपूर्ण खेळ 4 किलोबाइटमध्ये बसवावयाचा होता. इतक्या जागेत मैलोगणती नदीचे चित्र साठविणे अशक्य. तेव्हा शॉ यांनी नदी साठविलीच नाही. नदी निर्माण करण्याचा नियम साठविला. एका ठराविक संख्येपासून आरंभ करून, ठराविक कृतीने पुढची संख्या काढीत जावयाचे आणि त्या संख्येवरून काठाचे वळण ठरवावयाचे. नदी वेडीवाकडी दिसे. परंतु आरंभ तोच असल्याने प्रत्येक वेळी तीच नदी येई. जागेच्या टंचाईवर गणिताने केलेली ही मात होय. 2017 साली 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात शॉ यांचा गौरव करण्यात आला.

रोबर्टा विल्यम्स यांचा मार्ग निराळा. त्यांचा ओढा कथेकडे. 1980 साली 'मिस्ट्री हाऊस' या खेळाची कथा व चित्रे त्यांनी रचली आणि संगणकाचे लेखन त्यांच्या पतीने केले. घरगुती संगणकावरील साहसकथेत चित्रांचा उपयोग होण्याचा प्रारंभ या खेळाने झाला. आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ 2020 साली जगभर प्रसिद्ध झाला. कसरती करणारी एक मुलगी आपल्या धाकट्या भावास असुराच्या तावडीतून सोडविण्यास निघते, अशी त्याची कथा. आणि राजस्थानी वास्तू व पहाडी चित्रशैली यांची छाप त्याच्या चित्रांवर आहे. या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या श्रुती घोष यांनी त्याच्या चित्रकलेची बाजू सांभाळली.

पाठ : नियमातून नदी

या पाठास संगणक लागत नाही. साहित्य : चौकटीची वही, दोन रंगांच्या पेन्सिली, चिंचोके आणि एक जाड कागद. वेळ : तीन तासिका.

पहिली तासिका. प्रत्येक गटाने 16 चौरस रुंद व 21 ओळी उंच असा पट आखावा. सर्वांत खालच्या ओळीत 7 ते 10 हे चार चौरस निळे करावेत, ती नदी. यानंतर शिक्षकाने फळ्यावर अंकमाला लिहिण्याची रीत सांगावी : पहिले दोन अंक घ्यावेत, त्यांची बेरीज करावी आणि बेरजेचा फक्त एकक अंक पुढे लिहावा, मग शेवटच्या दोन अंकांची बेरीज, याप्रमाणे पुढे. 1 व 1 पासून आरंभ केल्यास 1, 1, 2, 3, 5, 8, 3, 1, 4, 5, 9, 4, 3, 7, 0, 7, 7, 4, 1, 5 असे वीस अंक मिळतात. प्रत्येक अंकाने वरची एक ओळ ठरते. 1, 2 वा 3 आल्यास नदी एक चौरस डावीकडे सरकते. 7, 8 वा 9 आल्यास एक चौरस उजवीकडे. 0, 4, 5 वा 6 आल्यास सरळ राहते. पटाची कड आल्यास नदीने ती ओलांडावयाची नाही. ओळीचा अंक समासात लिहावा. वरील मालेने नदी डावीकडे 2 ते 5 या चौरसांपर्यंत जाते व विसाव्या ओळीत 4 ते 7 या चौरसांवर येते. यावरून गटाचे काम शिक्षकास तत्काळ तपासता येते.

सर्व गटांस एकच आरंभ देऊ नये. एका गटास 4 व 7 द्यावे. त्यांची माला बारा अंकांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. 1 व 1 ची माला साठ अंकांनंतर फिरून येते. एका गटास मुद्दाम 5 व 5 द्यावे. त्यांना 5, 5, 0 हेच अंक पुनःपुन्हा मिळतात आणि त्यांची नदी कालव्यासारखी सरळ जाते. वर्ग हसेल, हसू द्यावा. मग 'नियम एकच असता यांची नदी वळली का नाही?' असे विचारून थांबावे. आरंभ बदलला की फळ बदलते, हे उत्तर मुलांनीच द्यावयाचे आहे.

दुसरी तासिका. आता नदीचा खेळ करावयाचा. पाचव्या, दहाव्या व पंधराव्या ओळीत अनुक्रमे डाव्या, उजव्या व डाव्या काठालगतच्या दोन चौरसांवर इंधनाची खूण करावी. एका मुलीने पट जाड कागदाने झाकून धरावा व एकेक ओळ उघडावी. दुसरीने होडी म्हणून एक बी नदीत ठेवावी. पुढची ओळ उघडण्यापूर्वी तिने 'डावीकडे', 'सरळ' वा 'उजवीकडे' यांपैकी एक सांगावे. होडी काठावर गेल्यास डाव संपला. आरंभी 12 चिंचोके द्यावेत. प्रत्येक ओळीस एक खर्च होतो आणि खुणेवर होडी आल्यास 6 मिळतात. वीस ओळी पार करण्यास तीनपैकी दोन साठे तरी साधावेच लागतात.

पहिले काही डाव मुली अंदाजाने खेळतील. नंतर एखादीच्या ध्यानी येईल की, समासातील मागचे दोन अंक दिसत आहेत. त्यांची बेरीज केली तर झाकलेली ओळ आधीच कळते. शिक्षकाने ही युक्ती आपण होऊन सांगू नये. ज्या मुलीस ती सापडेल तिला पट घेऊन फळ्यापाशी बोलवावे व तिच्याकडूनच वर्गास समजावून घ्यावे. खेळणारीच्या जागेवरून खेळ रचणारीच्या जागेवर ती त्या क्षणी आलेली असते. आठ अंकी बेरजा फळ्यावर करताना जी मागे राहते, तीही येथे बेरीज तोंडी करू लागते; कारण बेरजेवर होडी तरते, हे तिला दिसते.

तिसरी तासिका. खेळ बदलण्याची. नदी अरुंद केली तर? चिंचोके कमी दिले तर? एका अंकाला पूर असे नाव दिले तर? प्रत्येक गटाने एकच बदल करावा, शेजारच्या गटाकडून पाच डाव खेळवून घ्यावेत आणि किती डाव पार पडले ते लिहावे. पाचही पार पडले तर खेळ फार सोपा झाला. एकही नाही तर फार अवघड. मग पुन्हा बदल करावा. मोठ्या संस्थांतही खेळाची पारख याच क्रमाने होते. शाळेत संगणक असल्यास हाच खेळ पुढे स्क्रॅचवर बांधता येईल. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेले व 2007 साली सर्वांस खुले झालेले हे साधन विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटवाचूनही चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये उच्च प्राथमिक स्तरावर संगणकलेखनाचे उपक्रम सुचविलेले आहेतच.

शिक्षकाने जपावयाच्या गोष्टी

गटातील कामे चिठ्ठ्या टाकून वाटावीत व दर तासिकेस बदलावीत : अंक काढणारी, पट रंगविणारी, खेळून पाहणारी, नोंद ठेवणारी. कोणतेही काम कायमचे मुलीचे वा मुलग्याचे होऊ नये. सुंदर रंगविल्याबद्दल शाबासकी द्यावी. पण नियमातील चूक शोधल्याबद्दलची शाबासकी मोठ्याने द्यावी. संगणकाच्या तासास माऊस कोणाच्या हाती किती मिनिटे होता, याची नोंद आठवडाभर ठेवली तर शिक्षकास स्वतःच्या वर्गाचे खरे चित्र दिसेल. ठिपक्यांची रांगोळी जिला येते तिला हेही सांगावे की, संगणकाच्या पडद्यावरील चित्र अशाच ओळीत मांडलेल्या ठिपक्यांचे असते. सागरगोटे आणि पट-सोंगट्या ज्यांच्या घरी खेळल्या गेल्या त्या मुली नियमांच्या जगात नवख्या नाहीत.

पालकांच्या शंका

पालकसभेत दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा की, मोबाईलच्या खेळाने मुले बिघडतात. हा आक्षेप उडवून लावू नये. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांनी कित्येक घरांचे नुकसान झाले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु तासन्‌तास खेळत बसणे निराळे आणि खेळ रचण्यास शिकणे निराळे. पटाच्या वह्या पालकांपुढे ठेवाव्यात. त्यांतील बेरजा पाहिल्यावर हा भेद सांगावा लागत नाही.

दुसरा आक्षेप : हे शहराचे काम, आमच्या मुलीस काय उपयोग? येथे खोटी आशा दाखवू नये. हा उद्योग स्थिर नाही. 2023 व 2024 या वर्षांत जगभरातील अनेक कंपन्यांनी माणसे कमी केली. शिक्षण दहावीपाशी थांबून भागत नाही आणि पुष्कळदा घर सोडून जावे लागते. तथापि मार्ग उपलब्ध आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका घेता येते. चित्रकलेची वाट कला महाविद्यालयांतून जाते. आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर येथील केंद्रात खेळांच्या रचनेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. नियम मांडणे, चूक शोधणे व दुरुस्त करणे ही सवय ज्या मुलीस लागली, ती पुढे खेळ न रचता बँकेत, दवाखान्यात वा शेतीच्या हिशेबात शिरली तरी ती सवय वाया जात नाही.

पुण्यात भिडे वाड्यात 1848 साली मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा मुलीने अक्षर गिरवावे की नाही हाच वाद होता. आज तो वाद उरलेला नाही. आज अडचण एवढीच आहे की, सातवीच्या मुलीस पुढे काय होणार असे विचारले तर तिच्यापुढे दोन-तीनच नावे असतात, कारण तिने पाहिलेल्या कामकरी स्त्रिया तेवढ्याच. त्या यादीत एका नावाची भर घालणे शिक्षकाच्या हाती आहे. तिसऱ्या तासिकेच्या शेवटी प्रत्येक पटाच्या कोपऱ्यात, हा खेळ रचणाऱ्या मुलामुलींची नावे शाईने लिहवून घ्यावीत आणि ते पट वर्गाच्या भिंतीवर लावावेत. खालच्या वर्गातील मुली ती नावे वाचतील.