तिचं वय वाढवण्याआधी

नाचणगाव, जि. वर्धा

चि. सोनूस,


फोनवर मी फार बोलले नाही, तू दमलेला वाटलास. तुझ्या गेमची नायिका दहाऐवजी अठरा वर्षांची करायचं कंपनीत जवळपास ठरलंय, बाकी काही बदलणार नाही, असं तू म्हणालास. मला ते पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पुलगाव-आर्वीची नॅरोगेज गाडी केव्हाच बंद पडली, पण तुझ्या गेममध्ये ती अजून धावते. त्यातला टीसीचा प्रसंग मला तोंडपाठ आहे. पोट्टी बाकाखाली दडलेली असते. टीसी वाकून बघतो. तिच्या वयाला अर्धं तिकीट लागतं, तिच्याजवळ तेही नाही. "कोनाची वं तू? संगं कोन हाये?" ती डब्यातल्या एका अनोळखी आजीकडे बोट दाखवते. आजी तिच्याकडे नीट बघून घेते आणि म्हणते, "माही नात हाये ते." आता तिथे अठरा वर्षांची मुलगी बसव. ती बाकाखाली मावणार नाही, आणि मावली तरी टीसी सरळ दंडाची पावती फाडेल. परक्या जाणत्या मुलीसाठी आजी खोटं कशाला बोलेल? जिनिंगमधला प्रसंगही असाच आहे. कापसाच्या गंजीवर उड्या मारणाऱ्या पोरीसमोर व्यापारी काटा मारायच्या गोष्टी बिनधास्त बोलतात, कारण लहान पोराला काय कळतंय! तरुण मुलगी दारात दिसली की ते विषय बदलतील. मग तुझ्या नायिकेला ते गुपित कळायचं कसं?

तिची हुशारी, हट्ट, कोणावरही चटकन विश्वास टाकणं, यातलं काहीच तू सांगितलेलं नाहीस. मोठी माणसं तिच्याशी जशी वागतात आणि ती त्यातून जशी वाट काढते, त्यातून ती उभी राहिली आहे. वय बदललं की सगळ्या माणसांचं तिच्याशी वागणं बदलतं. आणि दहा वर्षांच्या पोरीचा जो निरागसपणा आपल्याला मोहवतो, तोच अठराव्या वर्षी बावळटपणा वाटतो.

आपल्याकडचंच उदाहरण बघ. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश, हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. त्याच्या गोष्टींतली अर्धी मजा अशी, की चोर त्याला दिसतो पण पोराच्या बोलण्यावर मोठी माणसं सहजी विश्वास ठेवत नाहीत. 2017 साली आदित्य सरपोतदारांनी सिनेमा काढला तेव्हा अमेय वाघचा बनेश चांगला तरुण झाला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला. मला तो सिनेमा आवडला. त्यांनी नुसतं वय वाढवलं नाही, वयाला शोभेल असा गुन्हाही शोधला, परीक्षेतल्या घोटाळ्याचा. पण माझ्या मते तो दुसराच बनेश आहे. नाव तेच, तोंडाने काढायचा 'ट्टॉक' तोच, पण कोणी ऐकत नाही म्हणून चिडणारा पोरगा त्यात नाही. इतकं सगळं नव्याने लिहायची त्यांची तयारी होती. तुमच्या कंपनीची आहे का, हे आधी विचार.

दिवाळीत तू 'द लास्ट ऑफ अस' खेळत होतास आणि मी शेजारी बसून बघत होते, आठवतं? 2013 च्या पहिल्या भागात एली 14 वर्षांची. तिला पोहता येत नाही, म्हणून पाणी आलं की तिच्यासोबतचा जोएल लाकडी फळी शोधून आणतो आणि तिला त्यावर बसवून ढकलत नेतो. त्या फळीने त्या दोघांचं नातं जेवढं जवळचं केलं, तेवढं संवादांनी केलं नसेल. 2020 च्या दुसऱ्या भागात ती 19 ची आहे आणि स्वतः पोहते. मधली वर्षं तिने जगलेली आहेत, त्यांचे घाव तिच्यावर दिसतात. असं वय वाढवलं तर माझी काही हरकत नाही.

आणि मुक्ताईचं काय? चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव एका लहान मुलीला गुरू करतो, असं परंपरा सांगते. मुक्ताई चाळिशीची असती तर ही कथा दोन ज्ञानी माणसांची झाली असती, आणि आजवर कोणी सांगत बसलं नसतं.

कंपनीची अडचण मला कळते. लहान मुलीला मारहाण होताना दाखवायची नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मग मारहाण काढा. ती पळेल, लपेल, फसवेल, कोणाला तरी हाक मारेल. तुझ्या गेममध्ये तेच तर उत्तम जमलंय. लढाई हवीच असेल तर ती तिच्या मामाला दे, तो नाहीतरी दुसऱ्या टप्प्यात नुसता उभा असतो. पण चेहरा, आवाज, फ्रॉक दहा वर्षांच्या पोरीचा ठेवून कागदावर अठरा लिहायचं, असं कोणी सुचवलं तर मात्र तिथेच नाही म्हण. ते नुसतं चुकीचं नाही, घाणेरडं आहे.

सोमवारच्या मीटिंगला भाषण करू नकोस. टीसीचा प्रसंग दोनदा लिहून ने, एकदा दहा वर्षांच्या मुलीचा आणि एकदा अठरा वर्षांच्या. दुसरा प्रामाणिकपणे लिही, मुद्दाम वाईट करू नकोस. दोन्ही वाचून दाखव आणि मग त्यांना बोलू दे. मलाही पाठव. आजीचं बोलणं वऱ्हाडीत जमलंय का, ते मी बघून देते.

तुझी,
आत्या