रक्तदाबाची औषधे, कोलेस्टेरॉल आणि गुग्गुळ

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला की शेतकरी दवाखान्यात येतात. अनेकांच्या खिशात दोन कागद असतात: रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि कोलेस्टेरॉलचा अहवाल. "गोळीने चरबी वाढली, ती बंद करून तुमचे औषध द्या," ही मागणी आम्हांस वारंवार ऐकावी लागते. वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी तिची शहानिशा कशी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तक्रार सर्वस्वी निराधार नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन ही मूत्रल औषधे, विशेषतः अधिक मात्रेत, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड काहीसे वाढवितात. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या जुन्या बीटा-रोधकांनी ट्रायग्लिसराइड वाढते व हितकर एचडीएल घटते. कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल यांत हा दोष सहसा दिसत नाही. ॲम्लोडिपिन, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन मेदाच्या बाबतीत उदासीन आहेत. प्राझोसिनने तर मेद किंचित सुधारतो.

परंतु ही वाढ केवढी? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'ऑलहॅट' अभ्यासात तेहतीस हजारांहून अधिक रुग्ण होते. चार वर्षांनंतर क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल इतर दोन गटांपेक्षा सुमारे दोन मिलिग्रॅमनेच अधिक भरले. हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखे राहिले आणि हृदयदौर्बल्य क्लोरथॅलिडोनच्या गटात सर्वांत कमी आढळले. अहवालातील आकड्यासाठी रक्तदाबाची गोळी सोडविणे हा आमच्या मते घातक व्यवहार आहे. बीटा-रोधक एकाएकी थांबविल्यास हृच्छूल उद्भवू शकतो, प्रसंगी झटकाही येतो. अहवाल फारच बिघडला असेल तर मधुमेह व थायरॉइडची तपासणी आधी करावी. दोष पुष्कळदा तेथे सापडतो.

आता आपल्या घरचा प्रश्न. मेदोरोगात गुग्गुळ कल्प देण्याचा आपला प्रघात आहे. १९९४ मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुगुलिपिडसोबत प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम दिले असता दोन्ही औषधे रक्तात कमी पोहोचली. म्हणजे आपण मेदासाठी औषध द्यावे आणि रक्तदाबाची गोळी निष्प्रभ व्हावी! शिवाय २००३ च्या अमेरिकी परीक्षणात आठ आठवडे गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी थोडे वाढले. तो पाश्चात्त्य आहार घेणाऱ्यांवरील अभ्यास होता, हे खरे. तरी तो नजरेआड करणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. यष्टिमधूबाबतही सावध असावे: दीर्घकाळ घेतल्यास ते रक्तदाब वाढविते, आणि मूत्रल गोळीसोबत रक्तातील पोटॅशियम अधिकच उतरते.

औषधविक्रेत्यांनी आणखी एक जोडी ध्यानी ठेवावी. ॲम्लोडिपिन घेणाऱ्यास सिम्व्हास्टॅटिन दिवसाला वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अन्यथा स्नायूंना अपाय संभवतो.

आम्ही अशा रुग्णाची गोळी बंद करीत नाही. सर्व औषधांची नावे, अहवालाची तारीख व आपला कल्प एका कागदावर लिहून तो मूळ डॉक्टरांकडे पाठवितो. गोळी बदलायची तर ती त्यांनी बदलावी. गुग्गुळ सुरू केलाच, तर पुढील महिनाभर दर आठवड्यास बाजाराच्या दिवशी रक्तदाब मोजून त्याच कागदावर नोंदवितो.