वेष आणि प्रसंग

पुण्याच्या पश्चिमेस, राम नदीच्या खोऱ्यात, मुळशी तालुक्यातील बावधन हे गाव वसलेले आहे. पूर्वी ते शेतकऱ्यांचे गाव होते. आज पुणे शहर त्याला येऊन भिडले आहे. मार्गशीर्ष-पौषातील तेथील पहाट मोठी गारठ्याची असते. शाळेला निघालेली मुले स्वेटर, कानटोपी, मफलर अशा जामानिम्याने बाहेर पडतात. परंतु दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो, आणि सकाळी हवाहवासा वाटलेला तोच स्वेटर नकोसा होतो.

असे का घडते? हिवाळ्यात येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. थंड हवा जड असल्यामुळे ती टेकड्यांच्या उतारावरून खाली सरकते व सखल जागी साचून राहते. सूर्य वर आला, की हे सारे पालटते.

जाड कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश राहावे लागते. ते वाढू लागले, की घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. घट्ट व जाड कपड्यांखाली घाम नीट वाळत नाही. मग जीव घाबरा होतो, घेरी येते. कडक उन्हाळ्यात उष्माघातही होऊ शकतो, आणि तो प्राणावर बेततो. म्हणून एकच जाड कपडा घालण्यापेक्षा एकावर एक दोन-तीन पातळ कपडे घालावेत. ऊन चढेल तसतसे ते उतरविता येतात. मावळातील शेतकऱ्याची घोंगडी हेच शहाणपण शिकविते. पहाटे ती पांघरायची, पावसात तिची खोळ करायची आणि दुपारी झाडाखाली अंथरायची!

हवेप्रमाणे प्रसंगाचाही विचार करावा लागतो. वैशाखातील भर दुपारच्या लग्नात लोकरी सूट व टाय घालून घामाघूम झालेला नवरदेव पुष्कळांनी पाहिला असेल. हा वेष थंड देशांतून आपल्याकडे आला. तेथे तो सोयीचा. येथे मात्र तो पुष्कळदा केवळ प्रतिष्ठेसाठी अंगावर चढतो. वकिलांचा काळा कोटही तसाच परदेशातून आलेला आहे. परंतु सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही, असा भारतीय वकील परिषदेचा नियम आहे. कोट नसला, म्हणून न्यायालयाचा मान उणावत नाही.

मग मान कशाने मिळतो? याचे उत्तर पुण्यातच एका समारंभात मिळाले होते. २ मार्च १८८८ रोजी हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. ड्यूक हे व्हिक्टोरिया राणीचे पुत्र. साहजिकच शहरातील धनिक मंडळी भरजरी पोशाखांत व दागदागिन्यांत नटून आली होती. जोतीराव फुले मात्र गरीब शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. द्वारपालांनी त्यांना अडविले. यजमानांनी पुढे होऊन आत नेले. तेथे जोतीराव बोलावयास उभे राहिले. या श्रीमंती पोशाखांवरून देशाची पारख करू नये, खरी प्रजा खेड्यापाड्यांत दारिद्र्यात राहते, आणि तिला शिक्षण हवे आहे हे राणीला कळवावे, असे त्यांनी ड्यूकना सांगितले. भरजरी वेषांच्या त्या सभेत त्यांचा साधा वेष ज्यांना तेथे आमंत्रणच नव्हते, अशा माणसांची बाजू मांडीत होता. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली.

वेष स्वच्छ असावा, हवेला मानवणारा असावा आणि प्रसंगाला शोभणारा असावा. घरी शोक असेल तेथे भडक वस्त्रे घालून जाऊ नये. श्रमदानाला जरीचा फेटा बांधून जाऊ नये. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचे कपडे पाहून त्याची किंमत तर कधीच ठरवू नये.

अभ्यास
१. बावधनला हिवाळ्यात पहाटे गारठा व दुपारी ऊन का जाणवते?
२. घोंगडीचे कोणते तीन उपयोग पाठात आले आहेत?
३. जोतीरावांनी मेजवानीसाठी शेतकऱ्याचा वेष का निवडला असावा?
४. वाक्यांत उपयोग करा : प्राणावर बेतणे, जीव घाबरा होणे, पारख करणे.