दारचा गवती चहा

न्हाणीचं पाणी परसात जातं. तिथं ते साचतं, चिखल होतो, डास होतात. त्या पाण्याला वाट करून द्या आणि वाटेच्या कडेला गवती चहा लावा. एकदा लावला की दर साली बी नको, रोप नको.

गवती चहाला बी सहसा धरत नाही. त्याचा ठोंब लावतात. ज्यांच्या परसात तो असेल त्यांना म्हणावं, "काकू, एक ठोंब द्या की!" कोणी नाही म्हणत नाही. ठोंब मुळासकट घ्यावा. वरची पाती छाटून वीतभर ठेवावी. पहिला चांगला पाऊस झाला की उन्हाची जागा बघून ठोंब लावावा. खड्ड्यात शेणखत घालावं. दोन ठोंबांत २ फूट अंतर ठेवावं.

पाणी मुळाशी तुंबू देऊ नये. मुळं कुजतात. म्हणून जागा जरा उंच असावी. धुण्याच्या सोड्याचं पाणी घालू नये.

३-४ महिन्यांनी पाती कापायला येतात. जमिनीपासून ४-६ बोटं वर विळ्याने कापावी. उपटू नये. पातीची कड धारदार असते, बोट कापतं. हे काम लहान मुलांना सांगू नका. कापलं की पुन्हा फुटवा येतो. उग्र वासामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

३-४ वर्षांनी ठोंब दाट होतो. मधला भाग वाळू लागतो. तेव्हा तो खणून फोडावा. कडेचे ताजे फुटवे नव्या जागी लावावे. उरलेले शेजारी द्यावे. बांधावर लावले तर मातीही धरून ठेवतात.

पावसाळ्यात आलं व गवती चहा घालून चहा केला तर घशाला बरं वाटतं. पण मंडळी, हे औषध नव्हे. धाप लागली, किंवा मूल मलूल पडलं, तर काढा पाजत घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. ताप दोन दिवस उतरला नाही, तरी डॉक्टरांना दाखवा. परसातलं झाड घोटभर सुख देतं. जीव वाचवायचं काम त्याच्यावर टाकू नये.

प्रश्न
१. ठोंब केव्हा लावावा?
२. पाती कशी कापावी?
३. काढा सोडून दवाखाना केव्हा गाठावा?