ओळ बरोबर, जागा चुकीची

प्रॉसडी हा चॅट सर्व्हर बसवायला फार वेळ लागत नाही. डेबियनच्या मशीनवर एक कमांड दिली की तो उतरतो आणि सुरूही होतो. खरं काम पुढे असतं, त्याच्या सेटिंगच्या फाइलीत. ती दिसायला इतकी साधी आहे की तिच्याकडे नीट बघायची गरजच कुणाला वाटत नाही. डाव्या बाजूला नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजव्या बाजूला किंमत. एखादी ओळ चुकीच्या जागी पडली तरी सर्व्हर चालू राहतो, लोक बोलत राहतात, आणि ज्या कामासाठी ती ओळ लिहिली ते काम मात्र होतच नसतं. अनेक ठिकाणचे सर्व्हर सांभाळताना मला सर्वात जास्त त्रास दिला तो याच गोष्टीने, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एका शिक्षणसंस्थेने शिक्षक आणि कार्यालय यांच्यासाठी स्वतःचा चॅट सर्व्हर चालवायला घेतला होता. हेतू चांगला होता. मुलांबद्दलची, फीबद्दलची, घरच्या अडचणींबद्दलची बोलणी दुसऱ्या कुणाच्या ॲपवर जाऊ नयेत, आपल्याच मशीनवर राहावीत. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग बाहेरच्या सर्व्हरवर खाती असलेल्या काही माणसांना निरोप जाईनासे झाले. संस्थेत सगळ्यांना वाटलं, नेटचा घोळ असेल. मला बोलावलं तेव्हा मी आधी लॉग उघडला. नेटचा काही संबंध नव्हता. समोरचे सर्व्हर या संस्थेच्या डोमेनला सरळ नकार देत होते.

असं का होतं हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर नावाची खुली व्यवस्था लोकांसमोर ठेवली. पुढे २००४ मध्ये ती एक्सएमपीपी या नावाने इंटरनेटचं अधिकृत मानक झाली, आणि प्रॉसडी याच मानकावर चालतो. तिचा पाया ईमेलसारखाच आहे: प्रत्येक माणसाचा पत्ता असतो, पत्त्यात डोमेन असतं, आणि कुठल्याही दोन डोमेनचे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. त्यामुळे ईमेलला जो रोग जडला तोच इथेही जडला. कुणाचा सर्व्हर नोंदणीसाठी उघडा दिसला की त्यावर धडाधड खाती उघडायची आणि जगभर नको ते निरोप पाठवायचे. बाकीचे सर्व्हर चालवणारे मग त्या डोमेनला काळ्या यादीत टाकतात. त्यांचा यात दोष नाही. त्यांनाही आपली माणसं सांभाळायची असतात.

त्या संस्थेच्या मशीनवर प्रॉसडीच्या डेटाच्या फोल्डरात डोमेनच्या नावाचं एक फोल्डर होतं, त्यात खात्यांचं फोल्डर आणि त्यात प्रत्येक खात्याची एक छोटी फाइल. यादी मागितली. शिक्षकांची ओळखीची नावं दिसत होती आणि त्यांच्या मध्ये रांगाच्या रांगा निरर्थक अक्षरांच्या आणि आकड्यांच्या. ती खाती संस्थेतल्या कुणाचीही नव्हती.

आता सेटिंगची फाइल. वरच्या सर्वसाधारण भागात 'अलाऊ रजिस्ट्रेशन' समोर 'ट्रू' लिहिलेलं होतं. सुरुवातीला शिक्षकांना आपापली खाती उघडता यावीत म्हणून ते ठेवलं असणार. आणि फाइलीच्या अगदी शेवटी तीच ओळ पुन्हा, या वेळी समोर 'फॉल्स', वर दोन आडव्या रेघांमागे शेरा: नोंदणी बंद केली. म्हणजे ज्याने हे काम केलं त्याला धोका कळलेला होता आणि त्याने योग्य ओळच लिहिली होती. पण त्या ओळीच्या वर, पाच-सहा ओळी मागे, गटचर्चेच्या खोल्यांसाठीचा 'कंपोनंट' सुरू झालेला होता. नोंदणी बंद झाली ती त्या खोल्यांच्या कंपोनंटपुरती, जिथे कुणी नोंदणी करतच नाही. मुख्य डोमेनला वरचा 'ट्रू' तसाच लागू राहिला.

प्रॉसडीचा नियम एवढाच आहे. फाइल वरून खाली वाचली जाते. पहिल्या 'व्हर्च्युअल होस्ट'च्या ओळीपर्यंत जे लिहिलं ते सगळ्यांना लागू. 'व्हर्च्युअल होस्ट' किंवा 'कंपोनंट' अशी ओळ आली की तिथून पुढचं सगळं त्या एकाचं, पुढची तशी ओळ येईपर्यंत. रिकामी ओळ सोडली, मध्ये रेघांची नक्षी काढली, नवीन मथळ्यासारखा शेरा लिहिला, तरी भाग बदलत नाही. सातबाऱ्यावर बोजा ज्या गटाच्या उताऱ्यावर चढवला त्याच जमिनीला तो लागतो, मालक एकच असला तरी शेजारच्या गटाला लागत नाही. इथेही तसंच. म्हणून नवीन ओळ कधीही फाइलीच्या शेवटी जोडू नका. हात आपोआप शेवटी जातो, कारण तिथे मोकळी जागा असते. आधी वर सरकत जा, कुठल्या ओळीच्या राज्यात आपण आहोत ते बघा आणि मगच लिहा.

याच नियमाचा एक अपवाद गटचर्चेच्या इतिहासात दिसतो. जुने निरोप साठवण्यासाठी वरच्या भागातल्या मॉड्यूलच्या यादीत 'मॅम' घातलं की एकमेकांमधल्या बोलण्याचा इतिहास मिळू लागतो, आणि माणूस समजतो की झालं. पण वरच्या यादीतली मॉड्यूल व्हर्च्युअल होस्टना मिळतात, कंपोनंटला नाही. खोल्यांच्या कंपोनंटखाली वेगळी यादी करून त्यात 'एमयूसी मॅम' लिहावं लागतं. ते राहिलं की फोन बदललेल्या शिक्षिकेला खोलीत मागचं काहीच दिसत नाही आणि दोष तिच्या फोनला दिला जातो.

एकाच भागात मॉड्यूलची यादी दोनदा लिहिली तर दुसरी पहिलीवर बसते. ही फाइल म्हणजे लुआ भाषेतला मजकूर आहे, आणि प्रॉसडी स्वतःही २००८ पासून लुआतच लिहिला जातो आहे. म्हणून स्वल्पविराम, अवतरणचिन्हं आणि महिरपी कंस यांत चूक चालत नाही. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फाइलीत कंस राहिला आणि तुम्ही चालू सर्व्हरला नुसतं रीलोड करायला सांगितलं, तर तो लॉगमध्ये चूक नोंदवतो आणि जुन्याच सेटिंगवर चालत राहतो. वरवर सगळं ठीक दिसतं. मग कधीतरी वीज जाते, मशीन पुन्हा सुरू होतं, आणि ती मोडकी फाइल घेऊन सर्व्हर उठतच नाही. बदल केला कधी आणि फटका बसला कधी, याचा मेळ तेव्हा कुणाला लागणार? रीलोडनंतर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायच्याच. शिवाय सगळे बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाहीत, त्यामुळे महत्त्वाचा बदल असेल तर लोकांना सांगून, शांत वेळ बघून सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. उठताना पडायचाच असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर पडू दे.

तपासणीची सोय प्रॉसडीतच आहे. 'प्रॉसडीसीटीएल चेक' ही कमांड सेटिंग, डीएनएस आणि प्रमाणपत्रं तिन्ही पाहून सांगते. जी ओळ फक्त वरच्या भागातच चालते ती खाली गेली असेल तर तीही दाखवते. पण नोंदणीची ओळ दोन्हीकडे कायदेशीर आहे. ती कंपोनंटखाली का लिहिली हे कमांडला कसं कळावं? ही तपासणी अवश्य करा, पण तिच्या भरवशावर फाइल वाचणं सोडू नका.

व्हर्च्युअल होस्टसमोर काय लिहायचं याबाबतही नेहमी गल्लत होते. मशीनचं नाव नाही, तर लोकांच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हानंतर जे येतं ते डोमेन. संस्थेची वेबसाइट एका मशीनवर आणि चॅट दुसऱ्या मशीनवर असेल तर डीएनएसमध्ये एसआरव्ही नोंदी कराव्या लागतात: लोकांच्या ॲपसाठी पोर्ट ५२२२ आणि दुसऱ्या सर्व्हरसाठी ५२६९. प्रमाणपत्रही त्या डोमेनच्याच नावाचं हवं, चॅटच्या मशीनच्या नावाचं असून भागत नाही.

पासवर्डबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. जुन्या फाइलीवरून नवी उतरवून काढली तर तिच्यात 'ऑथेंटिकेशन' समोर 'इंटर्नल प्लेन' असं राहून गेलेलं असू शकतं. खात्याची एखादी फाइल उघडून बघा. आत माणसाचा पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. त्यातले कितीतरी लोक तोच पासवर्ड बँकेलाही वापरत असतील. बॅकअपची डिस्क कुणाच्या हाती लागली तर काय होईल याचा विचार करा. तिथे 'इंटर्नल हॅश्ड' लिहा. मग माणूस पुढच्या वेळी लॉगिन करतो तेव्हा त्याच्या फाइलीतला पासवर्ड जातो आणि त्याजागी सॉल्ट आणि त्यातून काढलेल्या किल्ल्या येतात. जी खाती कुणी वापरतच नाही त्यांत जुना पासवर्ड तसाच पडून राहतो. ती शोधून काढून टाका.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि नूतनीकरण आपोआप होतं. पण प्रॉसडी रूट म्हणून चालत नाही, त्याला प्रमाणपत्राची खाजगी किल्ली वाचायची परवानगी नसते. 'प्रॉसडीसीटीएल'च्या 'सर्ट इम्पोर्ट'ने ती त्याच्या फोल्डरात आणावी लागते, आणि हे काम नूतनीकरणानंतर दर वेळी आपोआप होईल अशी कमांड नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉटमध्ये बांधून ठेवावी लागते. नाहीतर डिस्कवर नवं प्रमाणपत्र पडून असतं आणि लोकांना मुदत संपलेलंच दाखवलं जातं.

त्या संस्थेत आम्ही वरच्या भागातला 'ट्रू' बदलला, खालची ओळ काढली, परकी खाती उडवली. ज्या सर्व्हरनी दार बंद केलं होतं त्यांच्या चालकांना पत्रं लिहिली: काय झालं होतं, काय बदललं. काहींनी लगेच उघडलं, काहींनी बरेच दिवस थांबून. बिघाड दुरुस्त होतो तितक्या लवकर डोमेनची पत परत येत नाही, हे संस्थेच्या लोकांना समजावणं मला जास्त जड गेलं.

सेटिंग बदलल्यावर शेवटची चाचणी मशीनसमोर बसून करू नका. फोनचं वायफाय बंद करा, बाहेरच्या नेटवरून नवीन खातं उघडायचा प्रयत्न करा, नकार मिळतो का बघा. मग दुसऱ्या सर्व्हरवरच्या ओळखीच्या माणसाला निरोप पाठवा आणि त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत येईपर्यंत थांबा. जाणारा निरोप आणि येणारा निरोप सहसा वेगवेगळ्या जोडण्यांवरून जातात. फायरवॉलमध्ये ५२६९ बंद असेल तर तुमचा निरोप पोहोचेल, त्याचं उत्तर मात्र येणार नाही.