अनुराधा : विश्वकिरणांची अवकाशातील झडती

परभणीतील आपल्या शाळेच्या पटांगणात तळहात आडवा धरा. दर मिनिटाला सुमारे शंभर म्युऑन कण त्यातून आरपार जातात. मात्र हे मूळ विश्वकिरण नव्हेत. अवकाशातून आलेले कण हवेतील अणूंवर आदळून जे नवे कण निर्माण होतात, त्यांपैकी हे होत. मूळ कण पाहावयाचे तर वातावरणाबाहेरच गेले पाहिजे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. सुकुमार बिस्वास व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले 'अनुराधा' हे उपकरण २९ एप्रिल ते ६ मे १९८५ या काळात चॅलेंजर यानातील स्पेसलॅब-३ मधून पृथ्वीभोवती फिरले. कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांत ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा जास्त आढळत होता. तो कोठून येतो? त्याने आठही इलेक्ट्रॉन गमावले आहेत की एकच, हे कळले तर उत्तर मिळणार होते.

उपकरणात सीआर-३९ या प्लास्टिकच्या चकत्यांचे थर होते. कण जातो तेथील प्लास्टिक दुबळे होते. नंतर चकती गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवली की तेथे शंकूसारखा खड्डा पडतो. खड्ड्याच्या मापावरून मूलद्रव्य व ऊर्जा कळते. पण प्लास्टिकमध्ये शिरताच अणूचे उरलेले इलेक्ट्रॉन गळून पडतात. मग मूळचा विद्युतभार कसा मोजावा?

येथे पृथ्वीचे चुंबकत्व कामी आले. वेग सारखा असताना ८ भारांचा ऑक्सिजन १ भाराच्या ऑक्सिजनपेक्षा आठपट अधिक वळतो व परतवला जातो. परभणीच्या अक्षांशावर हा अडसर फार मोठा, तर ध्रुवांकडे कमी असतो. म्हणून कण आला तेव्हा यान कोठे होते हे कळले, की त्याच्या भाराची कमाल मर्यादा ठरते. त्यासाठी वेळ हवी. ती मिळावी म्हणून एक थर स्थिर व दुसरा सावकाश फिरता ठेवला होता.

उत्तर मिळाले : या ऑक्सिजनचा बहुधा एकच इलेक्ट्रॉन गेलेला होता. ताऱ्यांमधील वायूचा उदासीन अणू सूर्यमालेत शिरतो, एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि सूर्यमालेच्या सीमेकडे त्याला वेग मिळतो, या कल्पनेला त्यामुळे बळकटी आली.

मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर बसविलेल्या एएमएस-०२ या उपकरणात चुंबकही सोबत नेला आहे. त्याने उच्च ऊर्जेचे पॉझिट्रॉन अपेक्षेपेक्षा जास्त मोजले. ते कृष्णद्रव्याच्या कणांपासून आले की पल्सार ताऱ्यांपासून, याचा निर्णय अजून झालेला नाही.

करून पहा : पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मध्यभागी टाचणीने जोडा. दोन्हींवर एकाखाली एक खूण करा. वरची स्थिर धरून खालची थोडी फिरवा व दोन्हींतून सुई आरपार टोचा. आता खुणा पुन्हा जुळवा. दोन छिद्रांमध्ये कोन दिसेल. खालची चकती तासाला ४ अंश फिरत असेल आणि कोन ६० अंश भरला, तर सुई कितव्या तासाला टोचली?